ओरखड्यांची शिळा

नागपूर
भाऊबीज, १४ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. नीरजा हीस,
श्यामलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

यज्ञेश्वरला न लिहिता तुला लिहिते आहे, याचं नवल वाटून घेऊ नकोस. माझा भाऊ पत्र खिशात ठेवतो आणि शर्ट धुण्यात टाकतो. म्हणजे माझी पत्रं शेवटी तुझ्याच हाती लागतात, आणि तीही लगदा होऊन. त्यापेक्षा सरळ तुझ्याच नावाने पाठवलेलं बरं.

तुमच्या मागच्या अंगणात नळाजवळ माझी एक शिळा आहे. नागपूरला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा ठेवून आले होते. करडी, सपाट, दोन माणसांनी उचलावी लागेल अशी. वरच्या अंगावर एकाच दिशेने गेलेले सरळ ओरखडे आहेत आणि कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने मी उत्तरेचा बाण काढलेला आहे. तू एकदा पाहुण्यांसमोर हसून म्हणाली होतीस की वन्संनी दगडाशी लग्न लावलंय. तर तो नवरामुलगा कोण ते आज ऐकून घे.

तीसेक कोटी वर्षांपूर्वी आपला देश पार दक्षिणेकडे होता, असं आता पुष्कळ जण मानू लागले आहेत. तेव्हा आजच्या चांद्याच्या मुलखावर बर्फाचा थर पसरला होता. थर म्हणजे तुमच्या मंडईतली लादी नव्हे. पर्वतीवर पर्वती रचत जावी इतका जाड. एवढं वजन वर असलं की तळचा बर्फ हळूहळू सरकू लागतो. त्याच्या पोटात अडकलेले गोटे खालच्या खडकाला घासत जातात. टेकड्यांची डोकी झिजतात, दऱ्या रुंद होतात, एका मुलखातला धोंडा शेकडो मैलांवर नेऊन टाकला जातो. मग बर्फ वितळतो आणि ओरखडे राहतात. तो कुठून आला आणि कुठे गेला हे त्या ओरखड्यांवरूनच कळतं. पुण्यात असं काही मिळायचं नाही, कारण तुमच्या पायाखाली सगळा लाव्हा आहे आणि तो पुष्कळ नंतर ओतला गेला.

पैनगंगेच्या बाजूला एका ओढ्यात मी असा तळ शोधून काढला. पुढच्याच वर्षी चुनाभट्टीवाल्यांनी सुरुंग लावून तो सबंध खडक उडवला. उरली ती ही एक शिळा. माझा पीएच.डी.चा सगळा प्रबंध तिच्यावर उभा आहे. त्याचे परीक्षक डॉ. श्यामसुंदर माटेगावकर पुण्यातच असतात. फोटो बघून त्यांनी कळवलं की हे बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे ओरखडे आहेत. मी हट्ट धरला तेव्हा शिळा डोळ्यांनी बघायला तयार झाले. रविवारी २७ तारखेला ते तुमच्याकडे येतील.

तेव्हा शिळेवरची बादली हलव. साध्या पाण्याने पूस, घासू नकोस. त्यांना बिनसाखरेचा चहा दे. आणि कृपा करून मध्ये काही बोलू नकोस. या वयात मला दुसरी संधी नाही.

लोभाची अपेक्षा नाही, एवढं काम झालं की पुरे.

श्यामला

*

शनिवार पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर १९६६

ती. वन्संना,
नीरजाचा शि. सा. न. वि. वि.

पाच वर्षांनी आपलं पत्र आलं आणि तेही भाऊबीजेला लिहिलेलं. भावासाठी त्यात एक ओळ असेल म्हणून यांनी ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. शेवटी चष्मा पुसून वर्तमानपत्र उघडलं. बर्फाची हकीगत मात्र त्यांना आवडली. चांद्याचं थंड हवामान आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता आपल्या शिळेबद्दल. पानशेतचं पाणी आलं तेव्हा या घरातलं सगळं गेलं. माझं शिवणाचं मशीन गेलं, आईचा एकुलता एक फोटो गेला, मोरीचा दगडसुद्धा उखडून गेला. राहिली ती आपली शिळा. घरात गुडघाभर गाळ होता आणि मी दाराबाहेर पदर खोचून उभी होते, तेव्हा पोस्टमनने आपलं कार्ड हातात दिलं. त्यात आपण विचारलं होतं की शिळा जागेवर आहे ना, आणि बाण पुसला गेला नाही ना. आम्ही जागेवर आहोत का हे विचारायचं कार्डात जागा नसल्यामुळे राहिलं असेल.

तर शिळा जागेवर होती, आणि मोरीला दगड नव्हता. मग मी तिच्यावर धुणं धुवायला लागले. पाच वर्षं धुते आहे. फार सोयीची आहे, आपली निवड चांगली. साबणाने मात्र ती पुढे पुढे इतकी गुळगुळीत झाली की दसऱ्याच्या सुमारास यांचा पाय सरकला आणि आठवडाभर कंबर शेकावी लागली. म्हणून दिवाळीआधी टाकीवाली दारावरून ओरडत गेली तेव्हा तिला आत बोलावलं आणि पाट्या-वरवंट्याबरोबर शिळेलाही टाकी लावून घेतली. बाई मन लावून काम करणारी होती. छिन्नीने एक बोटभर जागा सोडली नाही तिने. आता कापड कसं छान घासलं जातं.

आपले ओरखडे कुठे दिसत नाहीत. बाणही गेला. परीक्षक आले तर चहा बिनसाखरेचाच देईन.

आपला लोभ कसा आहे ते माहीत आहेच. तो तसाच असू द्यावा.

नीरजा

*

नागपूर
२१ नोव्हेंबर १९६६

नीरजा,

आशीर्वाद द्यायला हात उठत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. पुढचा तास मी घेतला नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. मुलांना बाईंची तब्येत बरी नाही असं सांगण्यात आलं, आणि ते खोटं नव्हतं.

तीस कोटी वर्षं त्या खुणा टिकल्या. त्यांच्यावर डोंगर बसले, नद्या वाहिल्या, बाजूला लाव्हा ओतला गेला, तरी टिकल्या. तुझ्या मोरीत पाच वर्षं टिकल्या नाहीत. पुरात घर गेलं तर दगड फोडायचा, हा न्याय मला कळत नाही. आणि त्या कार्डाचं ऐक. कार्डाच्या आदल्या दिवशी यज्ञेश्वरची तार मला मिळाली होती, सर्व सुखरूप अशी. माणसं सुखरूप आहेत हे कळल्यावर मी दगडाचं विचारलं. तुला तार पाठवल्याचं त्याने सांगितलं नसेल तर त्याच्याशी भांड. पाच वर्षं माझ्याशी कशाला भांडत बसलीस?

मला एकच जाणून घ्यायचं होतं की हे तू समजून केलंस की न समजता. मग वाटलं, दोन्ही सारखंच आहे. समजून केलं असशील तर दुष्ट आहेस आणि न समजता केलं असशील तर ज्या घरात मी शिळेबद्दल जेवतानासुद्धा बोलत असे त्या घरात तू माझा एक शब्द कानात घेतला नाहीस.

माटेगावकरांना आजच लिहिलं आहे की येऊ नका, शिळा बघण्यासारखी राहिलेली नाही. दार बंद ठेव आणि माझ्या नावाने कोणी आलं तर मी मेले असं सांगितलंस तरी चालेल.

श्यामला

*

शनिवार पेठ, पुणे
२५ नोव्हेंबर १९६६

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद नसले तरी नमस्कार करायची आमच्या माहेरची पद्धत आहे, म्हणून केला.

तारेचं मी यांना विचारलं. पाठवली होती म्हणाले. मला का सांगितलं नाही असं विचारलं तर म्हणाले की तू विचारलं नाहीस. या विषयावर आमच्या घरात दोन दिवस बोलणं झालेलं नाही, तेव्हा तेवढा हिशेब आपला चुकता झाला असं समजावं.

दार बंद ठेवायला आपण सांगितलंत, पण उशीर झाला. आपलं पत्र बुधवारी दुपारी आलं आणि डॉक्टर माटेगावकर त्याच सकाळी येऊन गेले. रविवारपर्यंत त्यांना दम निघेना म्हणे. सकाळी फिरायला निघाले ते नातवाचा हात धरून इकडेच आले. मोतीबिंदू पिकलेला आहे आणि चष्मा लावायची लाज वाटते, असं नातवानेच हळूच सांगितलं. मी धुणं अर्धवट टाकून उठले. साबण धुऊन काढला. म्हटलं, आता बघू काय म्हणतात ते.

वन्सं, ते शिळेजवळ उकिडवे बसले आणि तिच्यावरून बोटं फिरवायला लागले. बराच वेळ फिरवत होते. मग मान वर करून मला म्हणाले की आपण चुकलो, ही बैलगाडी नव्हे. बर्फात अडकलेला गोटा तळावर टणाटण आपटत जातो तेव्हा असेच टवके उडतात, अशा आघातखुणा आपण फक्त परदेशच्या पुस्तकात पाहिल्या आणि पुण्यात, शनिवार पेठेत, त्या हाताला लागतील असं वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. एका टवक्यावर तर त्यांनी मला बोट ठेवून पाहायला लावलं. टाकीवालीची छिन्नी तिथे जरा जास्त खोल गेली होती.

मी काही बोलले नाही. मध्ये बोलू नकोस असं आपणच बजावलं होतं. चहा बिनसाखरेचा दिला, तो त्यांनी गोड मानून घेतला.

तेव्हा अभिनंदन. आपण डॉक्टर होणार. आमच्या मोरीची आठवण ठेवावी.

नीरजा

*

नागपूर
१ डिसेंबर १९६६

सौ. नीरजास,
आशीर्वाद.

माटेगावकरांचं पत्र आलं. चार पानं आहेत. माझ्या दृष्टीची तारीफ आहे, स्वतःच्या हट्टाबद्दल माफी आहे. जानेवारीत पुण्याच्या सभेत ते स्वतः उठून सांगणार आहेत की पैनगंगेकाठी बर्फ आला होता आणि तो या बाईने दाखवून दिला. माझं सगळं आयुष्य हेच चार पानी पत्र यावं म्हणून गेलं आहे. तीन दिवस मी ते पर्समधून घेऊन हिंडले. तुला खोटं सांगत नाही, मला ते फार हवं होतं. मन सारखं म्हणत होतं की बर्फ आला होता हे तर खरंच आहे, मग साक्षीदार कोण याला काय महत्त्व. डोळे मिटून गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? तुला. आणि तू ते मरेपर्यंत विसरली नसतीस.

पण तुझ्या भीतीने मी हे करत नाही, तेवढा मोठेपणा घेऊ नकोस. टाकीचे टवके बर्फाचे म्हणून एकदा छापले गेले की पुढे कोणीतरी पोर त्यांच्यावरच आपला प्रबंध उभा करील. कधीतरी एखाद्या शहाण्याला टाकी ओळखू येईल आणि त्या दिवशी लोक हसून म्हणतील की पैनगंगेचा बर्फ म्हणजे पुण्याच्या मोरीतली गंमत. मग तिथे खरा बर्फ आला होता हे कोणी सात जन्मात मानणार नाही. माझी पदवी गेली तर एक बाई पदवीवाचून राहील, एवढंच.

म्हणून मी त्यांना सगळं लिहिलं आहे. टाकीवालीसकट. ते तुझ्याकडे खात्री करायला येतील. या वेळी तू बोलायचं आहेस. जे झालं ते सांग. तिखटमीठ लावू नकोस आणि गाळूही नकोस. तुला हे काम आवडेल असं वाटतं.

कळावे.

श्यामला

*

शनिवार पेठ, पुणे
१३ डिसेंबर १९६६

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं त्याला आठवडा झाला. ते वाचून मला आपला पूर्वीपेक्षा जास्त राग आला. मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी गप्प बसले होते. त्या सकाळी माझी जीभ किती वळवळत होती ते माझं मलाच ठाऊक. आणि आपण घरबसल्या सगळं कबूल करून मोकळ्या झालात. निदान एकदा विचारायचं तरी होतंत.

काल ते आले. आपलं पत्र हातात होतं. आल्या आल्या हसले आणि मला म्हणाले की तुमच्या नणंदेचं डोकं फिरलेलं दिसतं. एकट्या राहणाऱ्या बायकांचं या वयात असं होतं, यश पचत नाही, मग काहीतरी मनात घेतात. आपण तिचं पत्र फाडून टाकायला तयार आहोत, तुम्ही फक्त टाकी लावली नाही एवढं म्हणा.

वन्सं, विचार करा. मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर आपण आपल्या मनाविरुद्ध डॉक्टर झाला असता आणि जन्मभर सही करताना माझी मोरी आठवली असती. याहून चांगला सूड मला सुचला नसता. एक क्षण मी तो तोंडात धरून चाखला, हे लपवत नाही.

पण तो मनुष्य आमच्याच अंगणात उभा राहून आमच्या घरच्या माणसाला वेडी म्हणत होता. आपण वेड्या आहात, याबद्दल वाद नाही. पण तसं म्हणायचं कोणी? मी म्हणेन, हे म्हणतील, फार तर आपली आई असती तर ती म्हणाली असती. हातात काठी घेऊन फिरायला निघालेल्या माणसाने येऊन म्हणायचं कारण काय?

मी आत गेले. कोळसे फोडायची हातोडी घेतली, यांच्या पेटीतली छिन्नी घेतली आणि त्यांच्यासमोर शिळेपाशी बसून एक ठोका मारला. त्यांचं बोट धरून त्या टवक्यावर ठेवलं आणि म्हटलं, हा घ्या बर्फ. मग शेजारी दुसरा मारला. तिसऱ्याला ते उठले. चेहरा पांढराफटक पडला होता, मला त्यांची कीवही आली. जाताना म्हणाले की याचा परिणाम प्रबंधावर होणार. मी म्हटलं, तिला ते लिहितानाच माहीत होतं.

चहा टाकला होता, तो यांनी प्यायला. हे सगळा वेळ वर्तमानपत्रामागे होते. पण डॉक्टर गेल्यावर म्हणाले की ताईला हे सगळं नीट लिही, आणि काही गाळू नकोस. पाच वर्षांत ताई हा शब्द त्यांच्या तोंडून काल पहिल्यांदा ऐकला.

टाकी मी समजून लावली की न समजता, हे आपण विचारलं होतंत आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलंत. म्हणून मी देत नाही. आपल्याला हवं ते धरून चालावं.

लोभ मागणं बरं दिसणार नाही. नमस्कार तेवढा घ्यावा.

नीरजा

*

नागपूर
९ जानेवारी १९६७

चि. सौ. नीरजास,
अनेक आशीर्वाद.

प्रबंध परत आला. पुराव्याअभावी अमान्य, एवढा शेरा आहे. बैलगाडीचा उल्लेख त्यात पुन्हा आला आहे, म्हणजे माटेगावकरांची तब्येत सुधारली म्हणायची. पदवीअभावी सोळा वर्षं हंगामी असलेली माझी जागा कायम करायचं कॉलेजने पुन्हा पुढे ढकललं. चोवीस वर्षांच्या एका पोराला माझ्यावर प्रमुख नेमलं आहे आणि तो मला मॅडम म्हणून उभा राहतो, त्याचा मला जास्त राग येतो.

तुझा राग गेला असं समजू नकोस. तो जाणार नाही. रात्री दिवा मालवला की अजून त्या शिळेवरचे ओरखडे माझ्या बोटांना लागतात आणि मग तुझं नाव मी काय काय विशेषणं लावून घेते ते लिहिण्यासारखं नाही. तरी तुझं हातोडीचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि मोठ्याने हसले. तो चोवीस वर्षांचा प्रमुख घाबरून बाहेर गेला. मग दार लावून मी रडले. मला कोणी वेडी म्हटलं तर त्याच्यासमोर हातोडी घेऊन बसणारं या जगात कोणी असेल, असं मला वाटलं नव्हतं. ती तू असशील हे तर मुळीच नाही. हे लिहायला मला चार दिवस जड गेलं. आता लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

शिळा तुमच्याकडेच ठेवा. मला ती बघायचीसुद्धा नाही.

मे महिन्यात मी पुन्हा पैनगंगेकडे जाणार आहे. प्राचार्य म्हणाले की आता काय उपयोग, तो खडक तर उडवला. त्यांना मी सांगितलं की बर्फ काही एका शिळेपुरता आला नव्हता. एवढ्या मोठ्या मुलखावर पसरला, तो जिथे जिथे सरकला तिथे तळ घासून गेला आहे. कुठेतरी मातीखाली तो अजून असणार. सुरुंगवाल्यांच्या आधी मी पोचले पाहिजे, एवढंच. उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा काठ खणून बघायचा. सापडेल, नाही तर नाही सापडणार. माझे गुडघे आता साथ देत नाहीत आणि तिथे मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही. पण घरी बसून काय करू?

सापडला तर यावेळी तुकडा तोडणार नाही, आणि पुण्याला तर काहीच पाठवणार नाही. तुला बघायचा असेल तर तिकडे ये. हातोडी घरी ठेवून ये.

यज्ञेश्वरला आशीर्वाद सांग. तार केल्याचं बायकोला सांगत जा, असंही सांग.

कळावे. लोभ जेवढा उरला आहे तेवढा पुरवून वापरावा.

श्यामला